अठराव्या वर्षी घडण संपत नाही
"अठरा पूर्ण झाली की माणूस घडून जातो, पुढे फक्त वय वाढतं" हे नेहमी ऐकू येणारं मत मला अजिबात पटत नाही. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. विशीतल्या पोराच्या उतावळेपणाला लगेच बेजबाबदारपणा म्हणू नये.

लहानपणी तर बदल डोळ्यांदेखत घडतात. भाची चार वर्षांची असताना मी तिच्यासमोर बुटक्या पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं. "आता जास्त झालं!" ती ठामपणे म्हणाली. (मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग.) सात वर्षांची झाल्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणते, "मामा, तेच तर पाणी आहे!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे ८ टप्पे मांडले. त्यातले शेवटचे ३ प्रौढपणाचे आहेत: जवळीक, पुढच्या पिढीसाठी झटणं आणि जगलेल्या आयुष्याचा स्वीकार. सत्तरीतली माझी आई हल्ली जुन्या भांडणांबद्दल बोलते, तेव्हा आवाजात पूर्वीची धार नसते. परवा तर म्हणाली, "तेव्हा माझंही चुकलंच होतं." हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.