बेरीच्या ज्यूसने लिव्हरच्या पेशी वाचतात का? माझं मत हो, तुमचं सांगा

बर्डीवाला:
मंडळी, मागच्या महिन्यात पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर ग्रेड 2 निघालं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 84. वय 43, वजन 86 किलो, दारू नाही, पण सावजी आठवड्यातून दोनदा ठरलेली. साडूने बेरी ज्यूसची बाटली आणून दिली, ब्लूबेरी क्रॅनबेरी सगळं मिक्स, रोज सकाळी 200 मिली घे म्हणाला. माझा विश्वास नव्हता म्हणून दोन-तीन रात्री बसून वाचलं आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. लॅबमध्ये माणसाच्या लिव्हरच्या पेशींवर आधी बेरीचा अर्क टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात, तर नुसत्या पेशी मरतात आणि अर्कवाल्या बऱ्याच जगतात. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन लिव्हर खराब केलं तिथेही अर्क दिलेल्या उंदरांचा एसजीपीटी कमी चढला. असे पेपर एक-दोन नाही, ढीगभर आहेत. ज्यांना वाटतं हे सगळं मार्केटिंग आहे त्यांनी मला एवढंच सांगावं की मग त्या पेशी कशा काय वाचल्या?

पेट्रीडिश_ताई:
दादा, मी सांगते, कारण 6 वर्षं मी हेच काम केलं आहे. पेशी वाचतात हे खरं आहे. पण त्या कोणत्या पेशी ते बघा. बहुतेक पेपरमध्ये असते हेप-जी-2 नावाची लाइन, अर्जेंटिनातल्या 15 वर्षांच्या एका मुलाच्या लिव्हरच्या गाठीतून 1970 च्या दशकात काढलेली. कॅन्सरच्या पेशी आहेत, डिशमध्ये भराभर वाढतात म्हणून सगळे वापरतात, पण औषधं आणि विषं फोडणारी जी एन्झाइम खऱ्या लिव्हरमध्ये भरपूर असतात ती यांच्यात फार कमी.

आता प्रयोग कसा होतो ते ऐका. 96 खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, प्रत्येक खळग्यात चिमूटभर पेशी. अर्क टाकायचा, काही तास ठेवायचं, मग पेरॉक्साइड, आणि शेवटी एमटीटी नावाचा पिवळा रंग. पेशी जिवंत असेल तर पिवळ्याचा जांभळा होतो, मशीन जांभळा मोजते आणि इतके टक्के जगल्या असा आकडा येतो. मी एकदा पेशीच न टाकता फक्त जांभळाचा अर्क आणि एमटीटी ठेवून पाहिलं, दोन तासांनी खळगा मस्त जांभळा. पेशी शून्य आणि मशीन म्हणते जिवंत आहेत! कारण असे अर्क त्या रंगाला स्वतःच बदलवतात. अर्क धुवून काढला नाही, पेशी नसलेला रिकामा कंट्रोल खळगा ठेवला नाही, तर तो पेपर कशाचा पुरावा आहे सांगा. दुसरी गोष्ट, अर्क डिशमध्येच राहिला तर तो पेरॉक्साइडला बाहेरच्या बाहेर संपवतो, पेशीला काही शिकवत नाही. आणि तिसरी, सगळीकडे अर्क आधी आणि विष नंतर. तुमचं लिव्हर तर आधीच सुजलेलं आहे ना.

अंबाझरी_वॉकर:
ताईंचा अनुभव मान्य, पण त्यावरून अँटिऑक्सिडंटला, म्हणजे पेरॉक्साइडसारखी पेशींना इजा करणारी द्रव्यं निकामी करणाऱ्या पदार्थांना, सरसकट खोटं ठरवू नका. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला की कॅज्युअल्टीत काय देतात? एन-असिटिल सिस्टीन. ते लिव्हरमधला ग्लुटाथायोन, म्हणजे विष निकामी करणारं द्रव्य, भरून काढते आणि माणूस वाचतो. लिव्हर वाचवणारं रसायन हे खरंखुरं औषध असू शकतं. फॅटी लिव्हरमध्ये पण 2010 ची मोठी ट्रायल आहे, डायबिटीस नसलेल्या लोकांना रोज 800 युनिट व्हिटॅमिन ई, 96 आठवडे, सुधारणा 43 टक्क्यांना आणि डमी गोळीवाल्यांना 19. व्हिटॅमिन ई अँटिऑक्सिडंटच आहे ना?

आणि ज्यूसमधलं रक्तात पोचतच नाही असं कोणी म्हणणारच आहे म्हणून आधीच लिहितो. 2013 मध्ये 8 पुरुषांना कार्बन-13 ची खूण लावलेलं सायनिडिन दिलं, हेच बेरीचा लाल-जांभळा रंग देणारं द्रव्य, तर साधारण 12 टक्के आत शिरल्याचं निघालं, मुख्यतः तुटून दुसऱ्या रूपात. शिवाय आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल व्हेनने सगळ्यात पहिले लिव्हरमध्येच जाते. हाताच्या शिरेतून रक्त काढून मोजता आणि म्हणता कमी आहे, लिव्हरला किती मिळालं ते कुठे मोजलं?

पेट्रीडिश_ताई:
पोर्टल व्हेनचा मुद्दा चांगला आहे, तो मी मानते. पण तुम्हीच म्हणता तुटून दुसऱ्या रूपात. मग डिशमध्ये ती तुटलेली रूपं टाकायला पाहिजेत ना, तिथे मात्र अख्खा अर्क ओततात आणि तो पण मायक्रोमोलरमध्ये, रक्तात हे अँथोसायनिन (सायनिडिनसारखी बेरीची रंगद्रव्यं) सापडतं नॅनोमोलरमध्ये, म्हणजे हजारपट खाली. व्हिटॅमिन ई ची ट्रायल बायोप्सीने पक्कं झालेल्या लोकांवर होती आणि डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलेला डोस होता. त्यावरून साडूच्या बाटलीला सर्टिफिकेट मिळत नाही. कोणत्या फळात किती अँटिऑक्सिडंट असे जे आकडे बाटल्यांवर छापायचे ना, त्याचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये स्वतःच काढून टाकला, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते कळत नाही.

धंतोलीची_डाएटवाली:
तुम्ही दोघं पेशींवर भांडून राहिले आणि बाटलीत साखर किती ते कोणी विचारूनच नाही राहिलं. मी रोज असे पेशंट बघते, चहातली साखर बंद केली मॅडम असं अभिमानाने सांगतात आणि सकाळी ग्लासभर ज्यूस. बहुतेक फळांच्या ज्यूसमध्ये 100 मिलीला 10-12 ग्रॅम साखर असते, त्यातली बरीच फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजचा मोठा वाटा लिव्हरच उचलते, जास्त आलं की त्याची चरबी बनवते. जो आजार आहे त्यालाच खतपाणी! अख्ख्या फळात साल असते, गर असतो, चावायला वेळ लागतो, 200 मिली ज्यूस दोन मिनिटांत संपतो. डब्ल्यूएचओ पण ज्यूसमधल्या साखरेला मोकळी साखरच धरते, वरून टाकलेली नसली तरी.

2019 चा एक अभ्यास मी पेशंटला नेहमी सांगते. फॅटी लिव्हरची 11 ते 16 वर्षांची 40 मुलं, निम्म्यांच्या घरचा सगळा स्वयंपाक 8 आठवडे असा बदलला की मोकळी साखर 3 टक्क्यांच्या खाली, ज्यूस पण बंद. त्यांच्या लिव्हरमधली चरबी 25 टक्क्यांवरून 17 वर आली, बाकीच्यांची 21 वरून 20. हे माणसांवर, एमआरआयने मोजलेलं आहे, डिशमधलं नाही.

बर्डीवाला:
माझ्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, नो ऐडेड शुगर. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत विषच शोधता. आमच्या घरी आजी उन्हाळ्यात आवळ्याचं सरबत द्यायची, कोणाचं लिव्हर खराब नाही झालं.

धंतोलीची_डाएटवाली:
दादा रागावू नका. बाटली उलटी करा, मागे बारीक अक्षरात घटक असतात, जास्त ते आधी, कमी ते नंतर, असाच नियम आहे. वाचून इथे लिहा.

उमरेडरोड_काका:
मी जास्त शिकलेला नाही पण माह्या घरचं सांगतो. माह्या मोठ्या भावाले बी ची कावीळ निघाली होती. पावसाळ्यात अंगणात भुईआवळी उगवते ना, ते कुणीतरी सांगितलं, आम्ही सगळे सकाळी उपटून धुवून वाटून रस द्यायचो, मीच वाटायचो, हाताले हिरवा वास राहायचा दिवसभर. डोळ्याचा पिवळेपणा गेला, भूक लागली, आम्हाले वाटलं झालं बरं. डॉक्टरने सहा महिन्यांनी रक्त तपासा म्हटलं होतं, आम्ही गेलोच नाही, कारण रस चालू होता. चार वर्षांनी पोटात पाणी भरलं तेव्हा नेलं. आता भाऊ नाही. रसाने मारलं असं मी म्हणत नाही. पण रस चालू आहे म्हणून तपासायले गेलो नाही, हे माह्या मनातून जात नाही. बर्डीवाले भाऊ, तुम्ही ज्यूस प्या नाहीतर नका पिऊ, पण पुढची तारीख चुकवू नका.

पेट्रीडिश_ताई:
काका, वाचून फार वाईट वाटलं. तुमची काही चूक नव्हती, त्या काळात मोठमोठ्या शास्त्रज्ञांना भुईआवळीकडून आशा होती. 1988 मध्ये चेन्नईच्या लोकांनी लॅन्सेटमध्ये छापलं होतं की भुईआवळी घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून बी चा अँटिजेन (विषाणू अंगात असल्याची खूण) गेला, आणि त्यात नाव होतं हिपॅटायटिस बी शोधून नोबेल मिळवलेल्या ब्लूमबर्ग यांचं. पुढे दुसरीकडे करून पाहिलं तर तसं निघालं नाही.

अंबाझरी_वॉकर:
काकांच्या घरी झालं ते व्हायला नको होतं. आणि ज्यूसमधल्या साखरेचा मुद्दा बरोबर आहे, तो मी विचारातच घेतला नव्हता. पण मी माझा मुद्दा सोडत नाही. पुढे तसं निघालं नाही हे कळलं कसं? कोणीतरी माणसांवर करून पाहिलं म्हणून. आपल्या विदर्भात जांभूळ जंगलात ढिगाने पडते, आणि आपण सव्वाशे ग्रॅम ब्लूबेरीची डबी विमानाने आलेली तीनशे रुपयाला घेतो. जांभळात डेल्फिनिडिन आहे, माल्विडिन आहे, ही रंगद्रव्यं ब्लूबेरीत जे आहे त्याच घराण्यातलं. ते माणसाच्या लिव्हरवर काय करते ते डिशमध्ये शंभरदा बघण्यापेक्षा एकदा नीट ट्रायल करा ना. नागपुरात मेडिकल कॉलेज आहे, मेयो हॉस्पिटल आहे, एम्स आहे, अमरावती रोडला विद्यापीठाचा फार्मसी विभाग आहे. नाही निघालं काही तर मी पहिला मान्य करीन.

बर्डीवाला:
बाटली वाचली. पहिलं नाव सफरचंदाचं कॉन्सन्ट्रेट, दुसरं पांढऱ्या द्राक्षाचं, ब्लूबेरी पाचवी. जांभूळ तर नाहीच. 100 मिलीला साखर 11.5 ग्रॅम, म्हणजे मी रोज सकाळी उपाशीपोटी 23 ग्रॅम साखर पिऊन राहिलो होतो, साडेपाच-सहा चमचे. चहात मी एक घेतो. ज्यूस आजपासून बंद, पण अख्खं फळ मी खाणार, त्याला कोणी नाही म्हणू नका. काका, तुमचं वाचून उद्याच फायब्रोस्कॅनची (लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी) तारीख घेतो, डॉक्टरांनी लिहून दिला होता, मी ठेवून दिला होता.

धंतोलीची_डाएटवाली:
खा की, वाटीभर जांभळं रोज खा, कोण नाही म्हणते. आणि 86 किलोतले 6 किलो कमी करा. 5 टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी हलते, 7 ते 10 टक्क्यांवर सूज पण उतरते, हे माणसांवर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सावजी महिन्यातून एकदा, आणि तर्री पोह्यावरची तर्री अर्धी. बिनसाखरेची काळी कॉफी चालत असेल तर प्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे आजार कमी दिसतात.

पेट्रीडिश_ताई:
वॉकर दादा, ट्रायलला माझा विरोध नाही, मी तर येईन कामाला. पण ज्यूस नको, अख्खा गर द्या, दुसऱ्या गटाला तेवढीच साखर असलेलं दुसरं फळ द्या, आणि चरबी एमआरआयने मोजा, एसजीपीटी तर वजन दोन किलो उतरलं तरी खाली येतो. खरी अडचण वेगळीच आहे. जांभूळ बाजारात असते चार-सहा आठवडे आणि ट्रायल पाहिजे निदान 24 आठवड्यांची. मग गर गोठवून ठेवावा लागेल, आणि गोठवल्यावर तो रंग किती टिकतो हे आधी दर महिन्याला मोजावं लागेल. ते काम छोटं आहे, या सीझनलाच होऊ शकते. एकाच ठिकाणचं, एकाच दिवशी तोडलेलं फळ मिळालं पाहिजे फक्त.

उमरेडरोड_काका:
आमच्या शेताच्या धुऱ्यावर जांभळीची सात झाडं आहेत, एकाच वयाची. मृग लागल्यावर आठ-दहा दिवसांनी पिकते, पहिला जोराचा पाऊस आला की सगळं खाली. त्याच्या आधी या, बर्फाचे डबे घेऊन या, तोडायले माणसं मी लावतो.