स्लीव्ह होऊन सात महिने झाले, पाच आठवडे काटा ९१ वरून हलत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले.

मी कराडची, वय ४३, प्राथमिक शाळेत शिकवते. नोव्हेंबरात पुण्याला स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटाचा बराच भाग कापून पोट लहान करायचं, ऑपरेशन झालं. त्या दिवशी वजन ११८ होतं, उंची पाच फूट दोन. पहिल्या महिन्यात ९ किलो गेले, मग पाच, चार, चार, तीन, दोन. साखरेची गोळी बंद झाली. माझा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून गेलं की दारात थांबून दम खायचा आणि मग हजेरी घ्यायची, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. आता थेट फळ्याशी जाते. हे सगळं मिळालंय, ते मी विसरलेले नाही.

पण गेले पाच आठवडे ९१.४, ९१.२, ९१.६, परत ९१.४. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यातही एकदा काटा आठ दिवस अडकला होता. डॉक्टर म्हणाले होते, शरीर पाणी धरून ठेवतं, सुटेल. आणि सुटलं. या वेळी मात्र सुटत नाही.

खाणं वाढलेलं नाही हो. दुपारी एक फुलका, थोडी भाजी, दोन चमचे वरण. रात्री अर्धी वाटी मऊ भात आणि आमटी. सकाळी साडेपाचला प्रीतिसंगमावर पाऊण तास चालते, पाऊस असला तरी. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या आहारतज्ज्ञ पहिले तीन महिने फोन उचलायच्या, आता मेसेज करूनही उत्तर येत नाही.

दिवसातून तीनदा काट्यावर उभी राहते. माडीचा स्लॅब गळतो, त्यासाठी आम्ही पैसे साठवले होते. ते माझ्या ऑपरेशनला घातले. यजमान एका शब्दाने काही बोललेले नाहीत. पण जून लागला, माडीवर बादली ठेवलीय, आणि रात्री त्या बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला की मला झोप लागत नाही. जाऊबाई परवा म्हणाल्या, "एवढं पोट कापून घेतलंस, तरी अजून नव्वदच्या वरच?"

माझं पोट परत मोठं झालं असेल का? पाच दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहिलं की पोट पुन्हा लहान होतं, असं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय. करू का तसं?

लालपरी_नाशिक

ताई, आधी बादलीचं बोलतो. साखरेची गोळी सुटली आणि जिना चढता येतो, तिथे पैसे वसूल झालेत. स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात होईल.

मी एसटीत चालक होतो. २०१७ ला वजनासाठीची पोटाची बायपास झाली तेव्हा वजन १३२, रोज दोन वेळा इन्शुलिन. पाचव्या महिन्यात १०४ वर गाडी थांबली ती सहा आठवडे. मीही हेच म्हणायचो, खाणं वाढलेलं नाही. डॉक्टरांनी एक छोटी वही घ्यायला लावली आणि सांगितलं, तीन दिवस तोंडात जे जाईल ते लिही, चहाचा घोटसुद्धा. तिसऱ्या दिवशी वही बघितली तर जेवणं खरंच चिमुकली होती, पण प्रत्येक स्टँडवर एक कटिंग चहा होता आणि केबिनमध्ये शेव-चिवड्याची पुडी होती. चार शेंगा, चार शेवा, अशी धुळ्यापर्यंत पुडी संपायची.

यातली मेख अशी की कुरकुरीत पदार्थ चावता चावता विरघळतात आणि छोट्या पोटात थांबतच नाहीत, सरळ खाली उतरतात. खारी, टोस्ट, बिस्किट, चिवडा, खाकरा, सगळं त्यातच. पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून ते खाल्लं असं मनही धरत नाही. चिकनचा तुकडा किंवा पनीर मात्र थांबतं, आणि दोन तास भूक लागत नाही.

तुमच्या लिहिण्यात मला प्रोटीन कुठे दिसलं नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं, बरेच डॉक्टर ८० पर्यंत सांगतात. तुमच्या एका फुलक्यात तीन ग्रॅम. दोन चमचे वरणात दोन धरा. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, तीस ग्रॅम कोरड्या सोया वड्यांमध्ये पंधरा. प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीच्या जोडीला स्नायूही मोडतं, आणि स्नायू कमी झाले की बसल्या जागी होणारा खर्चही उतरतो. शिवाय ११८ किलोचं शरीर पाऊण तास चालवायला जेवढं इंधन लागायचं, तेवढं ९१ ला लागत नाही. रस्ता तोच, पण गाडी हलकी झालीय. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, दहा-दहाचे तीन फेरे. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली. एवढ्याने सुरुवात होते.

पोट मोठं झालं का? सात महिन्यांत ऑपरेशनची सूज पूर्ण उतरते, त्यामुळे आधीपेक्षा दोन घास जास्त जाणारच. ते ठरल्याप्रमाणे आहे, घाबरू नका. पातळ पदार्थांचे पाच दिवस करू नका. काटा दोन किलो खाली येईल, पण त्यात पाणी आणि स्नायू जातील, आणि जेवण सुरू केलं की पाणी परत भरेल. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी पिऊ नका, एवढं मात्र कडक पाळा.

वजन ऑपरेशनपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत उतरतं. जोर पहिल्या सहा महिन्यांत असतो, तो तुमचा आताच संपलाय. इथून पुढे सावकाश. तीन दिवसांची वही इथे लिहा, बघू.

मुलुंडकर

लालपरी दादांनी सगळं सांगितलंच आहे. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मला थायरॉईड आहे. ऑपरेशननंतर सातव्या-आठव्या महिन्यात माझंही वजन अडकलं, थकवा प्रचंड, केस मूठभर गळायचे. केस त्या काळात बऱ्याच जणांचे गळतात, म्हणून मी दुर्लक्ष केलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, बघितला तर खूप वाढलेला. कारण काय, तर मी थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकत्र घ्यायचे, डब्यात एकाच खणात होत्या म्हणून. दोन्हींमध्ये चार तास हवेत, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर नको, दोन तास अंतर ठेवा.

सहा महिन्यांच्या तपासण्या केल्यात का? हिमोग्लोबिन, फेरिटीन (अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी१२ आणि डी, टीएसएच. आणि सारख्या उलट्या होत असतील किंवा पायाला मुंग्या येत असतील तर वजनाचं राहू द्या, त्याच दिवशी सर्जनना गाठा.

संगमनेर_शिलाई

मी शिवणकाम करते, ऑपरेशन माझ्या बहिणीचं झालंय. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर. आणि टेप घ्या. कंबर, दंड, मांडी, छाती, वहीत तारीख घालून. बहिणीचं वजन महिनाभर जागचं हललं नव्हतं आणि त्याच महिन्यात मी तिच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच टीप घातली.

कृष्णाकाठ

दादा, वही लिहिली. तीन दिवस सगळं खरं खरं.

सकाळी चहा आणि दोन मारी. दहाला अर्धी वाटी पोहे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा, परत दोन मारी. दुपारचं जेवण वर लिहिलंय तसं. चारला चहा. संध्याकाळी वह्या तपासायला बसते तेव्हा शेजारी पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा असतो. चाळीस वह्या होईपर्यंत हात त्यात जातच राहतो. हे लिहीपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. रात्री भात, झोपताना कपभर दूध. बेरीज केली तर प्रोटीन पंचविसाच्या आसपास. प्रोटीन पावडरचा डबा चौथ्या महिन्यात संपला तो परत आणलाच नव्हता. गळतीचा खर्च दिसत होता, म्हटलं डाळ आहे ना घरात.

ताई, थायरॉईड मला नाही. पण तपासण्या केल्या नव्हत्या, आज रक्त देऊन आले.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. फेरिटीन आणि डी कमी निघालं. पुण्याला फोन करून सर्जनशीच बोलले, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी. शाळेत डब्यात पनीरचे तुकडे नेते, मिरपूड घालून. चिवड्याचा डबा यजमानांनी माडीवर नेऊन ठेवलाय. पावडर अर्धा स्कूप ताकात, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. रोज ५५ ते ६० पर्यंत जातंय. उठा-बसा तीन फेरे होतात, पहिल्या दिवशी सहाच झाल्या होत्या.

वजन ९०.३. कंबर सव्वा इंच कमी, दंड अर्धा इंच. काटा आता कपाटावर आहे, शनिवारी खाली काढते.

एक अडचण आहे. सोया वड्यांचा खिमा करते, पण संध्याकाळी तो घशाशी बसल्यासारखा वाटतो आणि दोन चमच्यांपुढे जात नाही. गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवते. तुम्ही कोणी आणखी मऊ कसा करता?