मदत हवी आहे: प्लेऑफआधी ऑफेन्सिव्ह लाइन कशी तपासायची?

अर्धा यार्ड (धागाकर्ता)

मंडळी, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) प्लेऑफआधी एखाद्या संघाच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या, पाचही जणांचा (डावीकडून लेफ्ट टॅकल, लेफ्ट गार्ड, सेंटर, राइट गार्ड, राइट टॅकल) वेगवेगळा हिशेब मांडायचा आहे. सरावासाठी २०२४ च्या मोसमातले कॅन्सस सिटी चीफ्स घेतोय, कारण पुढे काय झालं ते ठाऊक आहे आणि उत्तर पडताळता येईल. साखळीत १५ विजय, २ पराभव, कॉन्फरन्समध्ये पहिला क्रमांक. आणि सुपर बोल ५९ मध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, ईगल्सनी ४०-२२ असं हरवलं, क्वार्टरबॅक महोम्सला ६ वेळा सॅक केलं (पास सुटण्याआधीच पाडलं), तेही एकदाही ब्लिट्झ न करता (चारहून जास्त माणसं धावून न पाठवता).

माझा प्रश्न असा: १८ वा आठवडा संपला तेव्हा हातात असलेल्या फिल्मवरून आणि आकड्यांवरून यातलं काय दिसायला हवं होतं? कोणते सामने बघायचे, सॅक कुणाच्या खात्यावर टाकायचा, आणि पीएफएफ (खेळाडूंना गुण देणारी कंपनी) आणि ईएसपीएनच्या आकड्यांवर किती विसंबायचं? शिवाय जो थूनीसारखा लेफ्ट गार्ड ऐनवेळी लेफ्ट टॅकलला नेला तर त्याचं गार्ड म्हणून केलेलं काम जमेस धरायचं का? खेळाचे नियम आणि फॉर्मेशन कळतात, तिथून सुरुवात नको. स्प्रेडशीटवर काम करणार आहे.

स्नॅपकाउंट

आधी सामने ठरवा. अख्खा मोसम बघू नका. आता जे पाच जण उभे राहणार आहेत तेच पाच त्याच जागांवर ज्या सामन्यांत खेळले तेवढेच घ्या. चीफ्सच्या बाबतीत ही यादी फार छोटी निघते. लेफ्ट टॅकलला आधी सुआमाटाया, मग मॉरिस, मग एका सामन्यापुरता हम्फ्रीज आणि शेवटी थूनी, अशी चार माणसं झाली. थूनी तिकडे सरकला म्हणून लेफ्ट गार्डला कॅलिएन्डो आला. थूनी, कॅलिएन्डो, हम्फ्री, स्मिथ, टेलर ही जोडणी तुम्हाला १५, १६ आणि १७ व्या आठवड्यातच मिळेल. १८ व्या आठवड्यात डेन्व्हरने ३८-० ने धुतलं, पण तेव्हा पहिला क्रमांक पक्का झाल्यामुळे मुख्य खेळाडू बसवले होते. तो सामना शीटमध्ये घेऊच नका. म्हणजे मोसमभराच्या सरासरीत जी लाइन दिसते ती लाइन प्लेऑफमध्ये उतरलीच नाही. पहिला धोक्याचा कंदील हाच.

फिल्म ऑल-२२ (बावीसही खेळाडू दिसणारं चित्रण) घ्या, आणि त्यातला एंड झोनमागचा अँगल. टीव्हीच्या बाजूच्या अँगलमधून टॅकलचा पाय दिसतो, पण गार्ड आणि सेंटरमध्ये काय चाललंय ते कळत नाही. अमेरिकेत एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत ही फिल्म मिळते.

एका सामन्यात संघाचे साठेक स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव) असतात, पण तुमच्या कामाचे त्यातले वीसच. स्क्रीन पास, प्ले-अ‍ॅक्शन, रोलआउट आणि दोन सेकंदांच्या आत सुटलेले पास बाजूला काढा. उरतात ते खरे पास सेट: बचावाला पास येणार हे माहीत आहे आणि क्वार्टरबॅक खिशात (लाइनने राखलेल्या जागेत) उभा राहून वाट बघणार आहे. तिसरा डाऊन आणि ७ किंवा जास्त यार्ड हे तर एकही सोडू नका. प्लेऑफमध्ये पिछाडीवर पडलात की पुढचा सगळा सामना असाच खेळावा लागतो.

प्रत्येक स्नॅप पाच वेळा मागे घ्यायचा, दर वेळी एकाच माणसाकडे बघायचं. वीस स्नॅप म्हणजे शंभर वेळा, दोन तास धरून चला. पाचही जण एकदम बघायला गेलात की डोळा आपोआप चेंडूकडे जातो आणि शीटवर अंदाज उतरतात.

रकाने एवढे पुरे: क्वार्टर आणि वेळ, डाऊन-अंतर, किती जण धावून आले, किती जण अडवायला थांबले, सेंटर कुठल्या बाजूला वळला, टाइट एंड किंवा रनिंग बॅकने कुणाला चिप (जाता जाता धक्का) मारली, चेंडू सुटायला किती सेकंद लागले, आणि पाच जणांचे पाच गुण. गुण तीनच ठेवा. २ म्हणजे एकट्याने अडवला. १ म्हणजे मागे रेटला गेला किंवा कोपरा सुटत होता, पण चेंडू आधी गेला. ० म्हणजे हरला. अर्धे गुण देत बसलात तर तिसऱ्या सामन्यापर्यंत तुमचंच माप बदललेलं असेल.

आता मुख्य गोष्ट. मदतीचा रकाना गुणांपेक्षा जास्त बोलतो. पाच जण अडवतायत आणि चारच धावून येतायत, तर एक माणूस मोकळा असतो, बहुतेक वेळा सेंटर. तो वीसपैकी किती वेळा डावीकडे वळला ते मोजा. चौदा-पंधरा वेळा एकाच बाजूला गेला, तर प्रशिक्षकांचा कुणावर भरवसा नाही ते त्यांनीच सांगून टाकलं. चिपचंही तसंच. ज्या टॅकलला दर दोन स्नॅपला चिप मिळते त्याचे २ गुण आणि एकट्याने कमावलेले २ गुण एका भावाने मोजू नका. वेगळ्या बेरजा करा: मदतीसह आणि मदतीविना. प्लेऑफसाठी दुसरी बेरीज बघायची.

तिरकस

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आकड्यांबद्दल लिहितो.

सॅक हा लाइन मोजायचा सगळ्यात वाईट आकडा आहे. चीफ्सचाच सुपर बोल ५५ घ्या. फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जायबंदी. रेमर्स लेफ्ट टॅकलला, गार्डवरचा वायली राइट टॅकलला, त्याच्या जागी आणखी तिसराच. महोम्सवर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलमधला तो विक्रम होता. सॅक किती? ३. तो मागे पळत सुटला म्हणून सॅक वाचले, सामना ३१-९ ने गेलाच. उलट उदाहरण बेंगल्सचा क्वार्टरबॅक बरोचं. जानेवारी २०२२ मध्ये टायटन्सनी त्याला ९ वेळा सॅक केलं आणि बेंगल्स १९-१६ ने जिंकले. त्या लाइनचं दुखणं मात्र बरं झालं नव्हतं. पुढे सुपर बोलमध्ये रॅम्सनी ७ सॅक काढले.

पीएफएफ प्रत्येक स्नॅपला उणे २ ते अधिक २ असे अर्ध्या-अर्ध्या गुणांनी मोजतं आणि त्याचं ० ते १०० वर रूपांतर करतं. मोजणाऱ्याला हडलमधला कॉल (डावाआधी खेळाडूंना सांगितलेली चाल) माहीत नसतो. एकास-एक लढतीत हा गुण विश्वासार्ह, पण प्रोटेक्शनचा गोंधळ झाला तर दोष भलत्याच्या माथी जाऊ शकतो. तिथे मोसमाचा एकूण गुण बघू नका, खऱ्या पास सेटवरचा बघा.

ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट खेळाडूंच्या ट्रॅकिंग डेटावरून काढतात. अडीच सेकंद किंवा जास्त टिकला की जिंकला. माप स्वच्छ आहे, पण महोम्ससारखा क्वार्टरबॅक साडेतीन सेकंद चेंडू धरून बसला तर उरलेला एक सेकंद या आकड्यात नाही. म्हणून शेजारी चेंडू सुटायचा सरासरी वेळ लिहाच.

सॅक कुणाच्या खात्यावर, याला मी हा क्रम लावतो. पहिलं, धावून येणारे अडवणाऱ्यांपेक्षा जास्त होते का? सहा आले आणि पाच होते, तर मोकळा राहिलेला सहावा क्वार्टरबॅकचा. त्याने चेंडू लगेच सोडायला हवा होता. दुसरं, रनिंग बॅकला ज्याला अडवायचं होतं तो सुटला का? तिसरं, क्वार्टरबॅक जास्त खोल गेला का? शॉटगनमधून (सेंटरपासून मागे उभं राहून स्नॅप घेताना) साधारण ७-८ यार्ड खोलीवर तो असेल या हिशेबाने टॅकल कोपरा राखतो. तो १०-११ यार्डवर सरकला की टॅकलने नीट बाहेर ढकललेला माणूस थेट त्याच्या अंगावर जातो. पडद्यावर टॅकल हरलेला दिसतो, चूक त्याची नसते. ही तीनही उत्तरं «नाही» अशी आली, तरच लाइनमन.

अर्धा यार्ड

स्नॅपकाउंट, तिरकस, दोघांचे आभार. एक अडचण. बचावाने स्टंट केला (धावून येणाऱ्या दोघांनी वाटांची अदलाबदल केली) की आपले गार्ड-टॅकल दोघेही हरल्यासारखे दिसतात. टॅकल आत ओढला जातो, गार्ड भलत्याच माणसाबरोबर जातो, आणि तिसराच मधून येतो. शून्य कुणाला?

थ्री-टेक

दोघांच्या कमरा एका रेषेत आहेत का ते बघा. साधा टी-ई स्टंट घेऊ: डिफेन्सिव्ह टॅकल गार्डवरून बाहेर, आपल्या टॅकलच्या दिशेने घुसतो आणि एंड (बचावाचा कडेचा खेळाडू) त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत येतो. हा मोडायचा तर गार्ड आणि टॅकल एकाच खोलीवर हवेत. एक जण दुसऱ्यापेक्षा यार्डभर पुढे किंवा मागे असेल तर माणसांची अदलाबदल करायला जागाच राहत नाही, एकमेकांच्या पायात अडकतात.

स्नॅपनंतर साधारण एका सेकंदाच्या फ्रेमवर थांबवा. टॅकल घाईने खोल गेला असेल आणि गार्ड लाइनवरच चिकटलेला असेल, तर शून्य टॅकलला. दोघे एका रेषेत आहेत, पण गार्डने आपला माणूस टॅकलच्या खांद्यात ढकलून न देता त्याच्यामागे धाव घेतली, तर शून्य गार्डला, कारण वळसा घालून येणारा त्याने घ्यायचा होता. टॅकलने घुसणारा उचललाच नाही तर टॅकलला. खरंच ठरवता येत नसेल तर दोघांना १ द्या आणि शेऱ्यात «जोडी» लिहा. तीन सामन्यांत एकाच जोडीपुढे हा शेरा चार-पाच वेळा आला, तर कोण चुकलं ते महत्त्वाचं राहत नाही. समोरच्या बचावाचा प्रशिक्षक तिथेच स्टंट पाठवणार.

यातच तुमच्या थूनीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गार्ड म्हणून केलेलं काम टॅकलला जमेस धरू नका, दोन गोष्टी सोडून: हातांची शिस्त आणि स्टंट ओळखणं. या माणसाबरोबर येतात. न येणारी गोष्ट म्हणजे मोकळ्या जागेत मागे सरकणं. गार्डच्या दोन्ही बाजूंना माणूस असतो, टॅकलच्या बाहेर कुणी नसतं. हात आखूड असतील तर लांब हाताचा एंड त्याच्या छातीवर आधी पोचतो. मग तो भीतीने जास्त खोल आणि जास्त बाहेर सेट करतो, आणि आतली वाट उघडी पडते. फिल्ममध्ये तिसऱ्या पावलाला त्याचा आतला पाय कुठे आहे ते बघा. एंडच्या छातीच्या मध्यरेषेबाहेर गेला असेल तर एंड आत वळायची संधी बघतोय असं समजा.

आणि एक माणूस हलवला की जागा दोन बदलतात, हे शीटमध्ये दिसू द्या. चर्चा सगळी लेफ्ट टॅकलची होते. नवा लेफ्ट गार्ड कुणी बघत नाही.

राइट टॅकलसाठी पेनल्टीचा वेगळा रकाना करा. २०२४ मध्ये जवान टेलर लीगमधल्या सर्वाधिक पेनल्टी खाणाऱ्यांपैकी होता. फॉल्स स्टार्ट ५ यार्ड, होल्डिंग १०, एवढ्यावर थांबू नका. होल्डिंग कशामुळे झालं ते लिहा. पाय मागे पडले म्हणून धरलं, की हात बाहेरून गेले म्हणून? पहिलं दुखापतीचं लक्षण असू शकतं, दुसरं सवयीचं.

परक्या मैदानावर गोंगाटामुळे संघाला बहुतेक वेळा सायलेंट काउंट लागतो: गार्ड क्वार्टरबॅककडे बघून सेंटरला थाप मारतो, सेंटर डोकं हलवतो आणि मग स्नॅप. टॅकलला हे ऐकू येत नाही, तो चेंडूकडे बघून निघतो आणि अर्धं पाऊल उशिरा निघतो. तुमच्या संघाला पुढचा सामना परक्या मैदानावर असेल तर परक्या मैदानावरचेच स्नॅप वेगळे काढून टॅकलची सुरुवात बघा. चीफ्सना पहिल्या क्रमांकामुळे हा त्रास नव्हता.

स्नॅपकाउंट

दुखापती राहिल्या. आठवड्याच्या अहवालात «मर्यादित सराव» या शब्दांवर थांबू नका, अवयव वाचा. घोटा असेल तर टॅकलच्या मागच्या सरकण्यावर परिणाम. पाठ असेल तर सरळ रेटा सहन होत नाही. हाताला पट्टी असेल तर पकड जाते, आणि सेंटर असेल तर स्नॅपही.

राखीव फळीही तपासा. सामन्याच्या दिवशी ४८ जण उतरवायचे तर त्यांत किमान ८ लाइनमन लागतात, नाहीतर ४७. म्हणजे बहुधा तीन राखीव. त्यांतला एक दोन्ही टॅकलना चालणारा हवा आणि एकाला स्नॅप करता यायला हवा. स्वतःला विचारा: सेंटर पहिल्याच क्वार्टरला बाहेर गेला तर किती जागा बदलतील? एक असेल तर ठीक. तीन असतील तर पाच जणांचे गुण कितीही चांगले असोत, लाइन पातळ आहे.

धावण्याच्या ब्लॉकिंगला कमी वेळ द्या. तिसरा-चौथा डाऊन आणि १ यार्ड एवढेच बघा. दोघे मिळून एकाला रेटत असताना त्यातला एक लाइनबॅकरकडे कधी सुटतो ते पाहा. लवकर सुटला तर पहिला माणूस मागून बॅकला पकडतो, उशिरा सुटला तर लाइनबॅकर फटीत येऊन उभा.

अर्धा यार्ड

म्हणजे १५, १६, १७ वे आठवडे, खरे पास सेट, मदतीविना बेरीज. ईगल्सच्या लढतीसाठी यात आणखी काय घालू?

तिरकस

समोरचा किती माणसांनी दबाव आणतो ते. ब्लिट्झ मोडायला लवकर सोडलेला पास हे औषध आहे. चार जणांतच दबाव येत असेल तर मागे सात जण पासवर बसलेले असतात, चेंडू लवकर सोडायला माणूस मोकळा सापडत नाही, आणि लाइनला तीन सेकंद टिकावं लागतं. म्हणून तुमच्या शीटमधून «चारच धावून आले» एवढे स्नॅप गाळून घ्या आणि त्यावरची बेरीज वेगळी काढा.

तुमचे तिन्ही सामने याला चांगले आहेत. धावून येणाऱ्यांत क्लीव्हलँडकडे गॅरेट, ह्यूस्टनकडे हंटर आणि अँडरसन, पिट्सबर्गकडे वॉट. फक्त कोण कुणासमोर उभा होता ते प्रत्येक स्नॅपला लिहा. वॉट तेव्हा बहुतेक वेळ राइट टॅकलच्या बाजूला असायचा, म्हणजे पिट्सबर्गच्या सामन्यात त्याची परीक्षा टेलरने दिली, थूनीने नाही. थूनीसमोर जास्त करून हायस्मिथ होता. गॅरेट जागा बदलतो, त्यामुळे क्लीव्हलँडच्या फिल्मला वेळ जास्त लागेल. तो सामना शेवटी घ्या, माप पक्कं झाल्यावर.