आई-वडील ओसाकाला चाललेत: दहा आठवड्यांत जपानी किती आणि कुठून सुरू करावं?

अमळनेरकर
मोठा भाऊ ओसाकाला आहे. एप्रिलमध्ये आई-आप्पा दीड महिना तिकडे जातील. दादा-वहिनी दोघं नोकरीवर, म्हणजे दिवसभर हे दोघंच. आप्पा निवृत्त शिक्षक आहेत, इंग्रजी वाचतात पण बोलायला कचरतात. आईचं सगळं मराठी नाहीतर अहिराणीत. दोघं माळकरी, अंडंही चालत नाही. रोज तासभर बसायची तयारी आहे. लिपी शिकवू की नुसती वाक्यं पाठ करून घेऊ? जेवणाचं कसं बोलायचं?

तापीकाठची
वाक्यांपासून सुरुवात करा, देवनागरीत लिहून. पण आधी एक खूण ठरवा, नाहीतर वही कुचकामी ठरेल. आपल्या 'आ'वरून स्वर आखूड की लांब ते कळत नाही आणि जपानीत तिथेच अर्थ बदलतो. ओबासान म्हणजे मावशी-आत्या, ओबा-सान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत आणि बि-रु म्हणजे बियर. माळकरी माणसाने पत्ता विचारताना भलतंच मागायला नको. तेव्हा जिथे स्वर लांबवायचा तिथे आडवी रेघ, रेघ नसेल तिथे तोडून बोलायचं. शब्दाच्या शेवटचा इ-उ ताणायची आपली सवय इथे नडते. वाक्याअखेरचे 'देसु', 'मासु' तर ऐकू येतात देस, मास असे.

बाकी उच्चारांत मराठी माणूस फायद्यात आहे. त्सु हा 'चूल'मधला च, 'चहा'तला नव्हे. पाणी म्हणजे मिजु, त्यातला ज 'जुना'तला. अनुस्वारही आपल्यासारखाच, पुढे प-ब आला की म होतो: तेम्पुरा. फु म्हणताना खालचा ओठ दातांना लावू नका, दोन्ही ओठांतून फुंकर सोडा.

वाक्यरचना आईंना जड जाणार नाही. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, प्रश्नाला शेवटी 'का'. ओ-साका कारा क्यो-तो मादे म्हणजे ओसाकाहून क्योतोपर्यंत. फरक एवढाच की 'कुठे', 'काय' असलं तरी 'का' लागतोच.

खरी अडचण विचारण्यात नाही, आलेलं उत्तर समजण्यात आहे. 'एकि वा दोको देसु का' (स्टेशन कुठे आहे) विचारलं की समोरचा उजवं-डावं, सिग्नल, पूल असं सगळं भराभर सांगतो. त्याऐवजी बोट दाखवून 'एकि वा कोचिरा देसु का', स्टेशन इकडेच का? उत्तर हो-नाही किंवा हाताच्या इशाऱ्यात येतं. सगळी वाक्यं याच साच्यात बसवा. आणि 'नाही'साठी 'इइए' क्वचितच ऐकू येईल. 'चोत्तो…' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, की समजायचं नाही.

ऐकायला एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचा ४८ धड्यांचा मोफत अभ्यासक्रम आहे, हिंदीतूनही. दिवसाला एक धडा, तोच तीनदा. नव्याची घाई नको.

रावेरचा_केळीवाला
आकडे पहिल्या दोन आठवड्यांतच उरका. ३००, ६००, ८०० वाकडे आहेत: साम्ब्याकु, रोप्प्याकु, हाप्प्याकु. ३००० सान्जेन, ८००० हास्सेन. दहा हजाराला एक शब्द आहे, मान, आणि पुढची मोजणी त्यावरच. १ लाख म्हणजे जु-मान (दहा मान), १० लाख म्हणजे ह्याकुमान. मोठ्या दुकानात गल्ल्यावर आकडा दिसतो, भाजी बाजारात कानावरच भिस्त.

गल्ल्यावर तेच तेच प्रश्न येतात, ते ओळखायला शिकवा. 'फुकुरो' ऐकू आलं तर पिशवी हवी का (जुलै २०२० पासून प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात), 'आतातामे' म्हणजे गरम करू का, 'पोइन्तो का-दो' म्हणजे दुकानाचं कार्ड आहे का. नको असेल तर तिन्हींना एकच उत्तर: 'दाइजो-बु देसु.'

अमळनेरकर
आप्पा ऐकेनात, चौकटीची वही आणून बसलेत. लिपी शिकायचीच म्हणतात. आणि जेवणाचं राहिलं.

पितळी_डबा
मग जपानीच्या दोन अक्षरमालांपैकी हिरागाना (देशी शब्दांची) बाजूला ठेवून आधी काताकाना (परक्या शब्दांची) घ्या. क्लासमध्ये उलटा क्रम असतो, पण तुमच्या कामाचं जे आहे ते काताकानात छापलेलं असतं. मूळ अक्षरं ४६. रोज ५, म्हणजे दहा दिवस, पुढे दहा दिवस नुसता वाचनाचा सराव. क्रम आप्पांना ओळखीचा वाटेल: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध पंडितांच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे गेला. दीर्घ स्वराची खूणही आडवी रेघच, उभ्या मजकुरात ती उभी होते.

शि आणि त्सु यांत सगळे फसतात. शि मध्ये दोन बारके फटकारे डावीकडे एकाखाली एक आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु मध्ये ते वर शेजारी-शेजारी, रेघ वरून खाली. न आणि सो यांचंही तसंच, फक्त फटकारा एक. नुसतं बघून हे ठरत नाही, हाताने गिरवावंच लागतं.

याचा उपयोग पाकिटावर होतो. पो-कु, बि-फु, चिकिन, हामु ही चार वाचता आली पाहिजेत आणि पाचवं 'एकिसु', म्हणजे अर्क. वरून साधे दिसणारे वेफर्स, आत 'चिकिन एकिसु'.

'बेजितारियान' म्हणून भागत नाही. दाशि, म्हणजे बहुधा कात्सुओ या सुकवलेल्या माशाचं पाणी, पुष्कळांच्या लेखी मांसाहारात धरतच नाहीत. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळीकडे तेच. 'निकु नुकि दे' (मांस काढून) सांगितलं तर तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. म्हणून: 'निकु तो साकाना तो तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देसु.' (मांस, मासे, अंडी खात नाही. कात्सुओ दाशिही चालत नाही.) हेच दादाकडून जपानी लिपीत कार्डावर लिहून घ्या, प्रत्येकाच्या खिशात एक. कोम्बु दाशि समुद्री वनस्पतीची, ती चालते.

निर्धास्त जेवायचं तर शो-जिन र्यो-रि, बौद्ध मठांतला स्वयंपाक. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून नानकाइ रेल्वेने कोयासान या मठांच्या डोंगरावर जाता येतं, तिथल्या मठांत राहायची-जेवायची सोय आहे.

भुसावळ_जंक्शन
गाडीचं एक वाक्य बदला. 'नाम्बा नि इकिमासु का' (जाते का) पेक्षा 'कोनो देन्शा वा नाम्बा नि तोमारिमासु का', थांबते का. तोक्क्यु-, क्यु-को-, काइसोकु या जलद गाड्या मधली स्टेशनं सोडतात, म्हसावदला न थांबणाऱ्या एक्स्प्रेससारख्या. सगळीकडे थांबते ती फुत्सु-.

पुस्तकातली भाषा टोकियोची, ओसाकाचा बाजार वेगळं बोलतो: इकुराऐवजी नाम्बो (केवढ्याला), दामेऐवजी आकान, आभाराला ओ-किनि. घरात अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी असलेल्यांना याचं नवल नको. बोलायची गरज नाही, ऐकून कळलं तरी पुरे.

मधुमेह असेल तर तो-न्यो-ब्यो-, रक्तदाब को-केत्सुआत्सु. दुखतं तिथे हात ठेवून 'कोको गा इताइ देसु'. रुग्णवाहिका ११९. लागला फोन की आधी 'क्यु-क्यु-' म्हणायचं, कारण आगीचा बंबही त्याच नंबरावर असतो. आणि घराचा पत्ता जपानीत लिहिलेला कागद फोनच्या कव्हरमागे.