सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग सिग्नलला श्वास का अडकतो? तुमचे अनुभव लिहा

सिंहगडरोडकर:
दोन वर्षं झाली. स्कूटीवरून येताना नवले पुलाच्या उतारावर ट्रकच्या मागे अडकले की आधी घशात खवखव, मग गळा आवळल्यासारखं आणि मग श्वास अर्धाच जातो, एक मोठी जांभई आली तर सुटेन असं वाटतं पण ती मेली येतच नाही. एक्सरे, ईसीजी, टूडी इको, फुंकायची ती फुप्फुसाची टेस्ट, पीएफटी, सगळं झालं, सगळं नॉर्मल. दम्याचा पंप देऊन बघितला, शून्य फरक. शेवटी "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. अहो मग वेल्ह्याला सासरी गेले की टेन्शन पुण्यातच राहतं का? तिथे मी चढ चढते, आणि परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरलो की काच वर करा म्हणून ओरडते. असं अजून कोणाला होतं? कुठे होतं, किती वेळ, कशाने थांबलं ते लिहा. योगा करा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

वाकडवाला:
सेम, फक्त माझा व्हिलन बांधकाम. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठतायत, सकाळी पुसलेल्या गॅलरीत दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. माझीही पीएफटी नॉर्मल होती. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की दमा असला तरी त्रास नसताना टेस्ट केली तर ती नॉर्मल येऊ शकते, आणि आपण टेस्टला जातो ते एसीत अर्धा तास बसून, छान शांत होऊन. त्यांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं. साधी प्लास्टिकची नळी असते, उभं राहून जोरात फुंकायचं, काटा सरकतो, तीनदा फुंकून मोठा आकडा वहीत लिहायचा. रोज सकाळ-संध्याकाळ आणि त्रास होईल तेव्हा. रविवारी 430, 440. शेजारी स्लॅब तोडत होते त्या बुधवारी 310! ती वही बघितल्यावर टेन्शन हा शब्द कोणी काढला नाही. आता रोजचा पंप वेगळा, अडचणीचा वेगळा. आईचं अजून "पंपाची सवय लागते" चालूच आहे.

पेठेतला:
थंडीत पहाटे पालापाचोळ्यात प्लास्टिक टाकून शेकोट्या. विझवा म्हटलं की मीच वाईट. एवढंच.

पाषाणकर:
पहाटेची हवा शुद्ध असते हा आपला लाडका समज. थंडीत उलटं होतं, जमिनीलगत गार हवा बसून राहते, वर उबदार हवेचं झाकण, मग धूर जाणार कुठे? मी साडेपाचला टेकडीवर जायचो आणि धाप लागली की वय झालं म्हणायचो. हल्ली ऊन चढल्यावर जातो, फरक आहे. आमच्या इथल्या आयआयटीएम या हवामान संस्थेने काढलेल्या सफरवर हवेच्या प्रदूषणाचे आकडे बघतो पण 150 ला तिथे "मध्यम" लिहितात, माझ्या छातीला ते कोणी कळवलेलं नाही. आणि स्कार्फवाल्या मुलींनो, त्या ओढणीतून पीएम 2.5, म्हणजे हवेतली सगळ्यात बारीक धूळ, आरामात आरपार जातं, केसाच्या जाडीच्या वीसाव्या भागाहून बारीक असतं ते. एन 95 घाला. गॅसचा वास मात्र त्यानेही थांबत नाही.

कर्वेनगरची सून:
थोडं वेगळं सांगते. सासूबाईंना कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. आम्ही सगळे रस्त्याच्या नावाने बोटं मोडत होतो, खिडक्या बंद करून घेतल्या. त्यांनाही गावी बरं वाटायचं, म्हणून आमची खात्रीच पटली होती. शेवटी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, केला तर फुप्फुसाला सूज, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कबुतरं आहेत का? त्यांच्या विष्ठेच्या, पिसांच्या धुळीने अशी सूज येऊ शकते. बाथरूमच्या डक्टमध्ये त्यांची वसाहत होती, आणि सासूबाई रोज गॅलरीत त्यांना मूठभर ज्वारी टाकायच्या. आता जाळी बसवलीय, ज्वारी बंद, औषधं चालू आहेत. म्हणजे गावी बरं वाटलं म्हणजे धूरच, असं नसतं बरं का.

गाणंवाली:
सिंहगडरोडकर, एक नीट आठवून सांगा, श्वास आत घेताना अडकतो की बाहेर सोडताना? दम्यात बहुतेक वेळा सोडताना त्रास होतो, छातीत शिट्टी वाजते. माझा अडकायचा आत घेताना, तोही गळ्यात, उदबत्ती नाहीतर रिक्षाचा धूर आला की. स्वरतंतू उघडायच्या वेळी मिटत होते. पंपाने ढिम्म फरक नाही. ईएनटीने नाकातून दुर्बीण घालून बघितलं तेव्हा सापडलं, मग स्पीच थेरपिस्टने नाकातून छोटा श्वास घ्यायचा आणि "स्स्स" करत सोडायचा हे शिकवलं. पहिले पंधरा दिवस घरचे हसत होते, कुकर म्हणायचे मला.

सिंहगडरोडकर:
काल पुलावर मुद्दाम लक्ष दिलं. आत घेतानाच! सोडताना काही नाही. ईएनटीची वेळ गुरुवारची मिळालीय, "ट्रकमागून थेट आले तर चालेल का" विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी हसायलाच लागली.