मदत हवी आहे: डिमेन्शिया असलेल्या वडिलांची हॉस्पिटलातली रात्र (नाशिक)

नमस्कार. एरवी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

वडील, आम्ही नाना म्हणतो, 79 वर्षांचे. अल्झायमरचं (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) निदान होऊन चार वर्षं झाली. जेलरोडला आई आणि नाना दोघंच असतात, मी इंदिरानगरला, दादा पुण्यात. घरी बरं चाललं होतं. अंघोळ, देवापुढे दिवा, मग गॅलरीत पेपर. पेपर कधीकधी उलटा धरलेला असतो, पण रोज हातात लागतो. शनिवारी पहाटे बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात छान झालं, आणि हाडाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

सोमवारी रात्री आयसीयूत ठेवलं. नातेवाईकांना सकाळी आणि संध्याकाळी पाच-पाच मिनिटं. मंगळवारी सकाळी आत गेले तर दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. "तुमच्या पेशंटने रात्री फार त्रास दिला, दोनदा सलाईन उपटली," सिस्टर म्हणाल्या. त्यांचंही चूक म्हणवत नाही, एकटीने किती जणांना बघणार? पण नानांनी मला पाहून अगदी हळू विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" मला ते बाई कधीच म्हणत नाहीत.

आता खोलीत आणलंय. दिवसा थोडं भान असतं. दिवेलागणीला सुरू होतं. नानांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली. चादरीची कड चिमटीत धरून अंगठ्याने सरसर मोजत बसतात, मध्येच चुकतं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि वॉर्डबॉय कुशीवर वळवायला आला की दोन्ही हात वर करतात. त्याला वाटतं मारायला उठले, तो मनगटं धरतो, मग झटापट. काल रात्री माझी ट्यूब पेटली: प्रेसमधून सुटताना गेटवर झडती व्हायची, तेव्हा असेच हात वर करावे लागत. ते बिचारे झडती देतायत!

हे मी कोणाला सांगू? दर पाळीला माणसं बदलतात. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, "वय झालंय, असं होतं" म्हणतात. चार दिवसांत माणूस इतका घसरतो का, की हे वेगळंच काही आहे? पुन्हा आयसीयूची वेळ आली तर आमच्यापैकी एकाला आत बसू द्या हे कोणत्या शब्दांत मागायचं? आईचं वय 73, ती रात्री थांबायचा हट्ट धरते आणि सकाळी तिचंच बीपी बघावं लागतं. ज्यांनी हे काढलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद – निवृत्त_सिस्टर

ताई, मी वॉर्डात आयुष्य काढलंय म्हणून स्पष्टच लिहिते. डिमेन्शिया चार दिवसांत असा वाढत नाही. अचानक सुरू झालं, दिवसा कमी रात्री जास्त, म्हणजे बहुतेक डिलिरियम, आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ. डिमेन्शिया असलेल्यांना हॉस्पिटलात तो फार लवकर होतो, आणि त्याच्यामागे कारण असतं. कारण सापडलं की बऱ्याचदा उतरतो, पण दिवस लागतात, कधी आठवडेही.

उद्या राउंडला "नाना विचित्र वागतात" असं सांगू नका. "शनिवारपर्यंत असे नव्हते, हा डिलिरियम आहे का, फिजिशियनना दाखवता का" असं विचारा. रक्तातलं सोडियम पाहिलं का, लघवीत इन्फेक्शन आहे का, लघवीची नळी अजून का ठेवलीय. नळी हेही एक कारणच, टोचते म्हणून ते ओढतात. पोट शेवटचं कधी साफ झालं ते तुम्ही स्वतः आठवून सांगा, फाइलमध्ये ते बहुतेक नसतं.

दुखण्याचं औषध "लागल्यास" असं लिहिलेलं असतं. लागतंय हे सांगणार कोण? नाना तर सांगणार नाहीत. ते वेळेवर द्यायला लिहून घ्या. झोपेचं इंजेक्शन सुचवलं तर कोणतं ते विचारा, प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उलट वाढतो. आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या ऑपरेशनच्या गडबडीत बंद तर नाही ना राहिल्या? हे हमखास होतं.

चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी डब्यात असेल तर आजच आणा.

प्रतिसाद – गंगापूररोडकर

वरच्या सिस्टरांना शंभर टक्के अनुमोदन. एक भर घालतो. माझ्या आईच्या वेळी उलटं झालं. ती आरडाओरडा करत नव्हती, नुसती पडून होती. सगळे म्हणाले, छान, शांत झोपल्यात. तोही डिलिरियमच होता आणि तो कळायला आम्हाला तीन दिवस लागले. तेव्हा नाना उद्या एकदम गप्प झाले तर खूश होऊ नका.

ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटीचा 'धिस इज मी' नावाचा छापील कागद असतो: मला काय म्हणून हाक मारा, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो. मी तसाच कागद स्केचपेनने मराठीत लिहून आईच्या उशाशी चिकटवला. तुमच्या कागदावर पहिली ओळ झडतीची. पाळी बदलली तरी कागद तिथेच राहतो.

आयसीयूचं म्हणाल तर तिकडेही हेच भांडण होतं. तिथे 2014 साली दोन मैत्रिणींनी 'जॉन्स कॅम्पेन' सुरू केलं. त्यातल्या एकीचे वडील डिमेन्शियासह हॉस्पिटलात गेले, घरच्यांना भेटायला फारसं देत नव्हते, आणि ते पार खचून परतले. मागणी एकच होती, सांभाळणाऱ्याला भेटायला आलेला पाहुणा समजू नका. आपल्याकडे वॉर्डात नातेवाईक लागतोच, अडतं ते आयसीयूच्या दारात. परवानगी मागताना भावनेवर जाऊ नका. "मी बसले तर हात बांधावे लागणार नाहीत, सलाईन निघणार नाही," एवढंच म्हणा. आम्हाला रात्री स्टूल मिळालं होतं.

आईंना रात्री घरी पाठवा, दादांना पुण्याहून बोलवा. आईंनाच बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती – शुक्रवार

सगळ्यांचे आभार. सोडियम कमीच निघालं, ते सुधारतायत. पोट शनिवारपासून साफ नव्हतं, हे मी सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. नळी काल काढली.

कागद लावला. काल संध्याकाळी वॉर्डबॉयने तो वाचला असावा. नानांनी हात वर केले तसे त्याने सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले आणि म्हणाला, "काही नाही, जाऊ द्या साहेबांना." नानांनी हात खाली घेतले आणि गुपचूप कुशीवर वळले. दादा म्हणतो ही फसवणूक आहे. रात्री दोनला नाना "गेटपास कुठाय" म्हणून उठले, तेव्हा त्यानेच खिशातून स्वतःचा हॉस्पिटलचा पास काढून दाखवला.

सोमवारी डिस्चार्ज म्हणतायत. जेलरोड-नाशिकरोड भागात रात्रपाळीला राहणारे, डिमेन्शियाचा पेशंट आधी सांभाळलेले ब्रदर किंवा मामा कोणाच्या माहितीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जिना एक मजल्याचा आहे, लिफ्ट नाही, हे त्यांना आधीच सांगा.