मोबाइल चोरीला गेला, पोलिसांनी 'गहाळ' दाखला दिला. हीच एफआयआर का?

प्रश्न (वाचक_पुणे): बाजारात खिशातून मोबाइल मारला गेला, किंमत सुमारे 18,000 रुपये. ठाण्यात 'गहाळ' म्हणून अर्ज घेतला आणि शिक्का मारून प्रत दिली. एफआयआर, एनसी आणि हा दाखला यांत फरक काय? एफआयआरला नकार दिला तर पुढे काय करायचं?

कलम_वाचक: गहाळ दाखला म्हणजे एफआयआर नव्हे. डुप्लिकेट सिमसाठी तो चालतो, पण चोरीचा तपास त्यावर सुरू होत नाही, कारण त्या कागदावर गुन्हाच नाही. वस्तू फक्त हरवली आहे.

1 जुलै 2024 पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं. ऐवज 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत असा; त्याची नोंद म्हणजे एनसी. त्यावरचा दखलपात्र, त्याची एफआयआर व्हायलाच हवी. म्हणून बिल सोबत न्या. हातातून हिसकावून नेला असेल तर कलम 304, तो दखलपात्रच.

तक्रारीत 'मोबाइल सापडत नाही' असं लिहिलंत तर तो गहाळमध्येच जाणार. चोरी झाली असेल तर 'माझ्या संमतीशिवाय खिशातून काढून नेला' असं स्पष्ट लिहा. वेळ, जागा, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक) आणि किंमत टाका. आयएमईआय खोक्यावर किंवा बिलावर असतो.

न्यायालय_फेरी: नकार मिळाला तर पुढचा क्रम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे पोलीस आणि न्यायालयाच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात, दिलेला आहे, आणि तो चुकवला की अर्ज अडकतो.

हद्दीचं कारण सांगितलं तर कलम 173 दाखवा. गुन्हा कुठेही घडो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. ईमेलनेही तक्रार देता येते, मात्र 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

तरीही घेतली नाही तर कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा. आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांना. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा. त्यानंतरच दंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) चा अर्ज, शपथपत्रासह. थेट न्यायालय गाठणाऱ्यांचे अर्ज या पावतीअभावीच रखडतात.

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नव्या कायद्यात एक सवलत आहे: 3 ते 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. चोरी त्यात बसते. 'आधी चौकशी करू' असं उत्तर आलं तर ही परवानगी घेतली आहे का, ते लेखी विचारा.

वाचक_पुणे: आणि एनसी झाली तर?

कलम_वाचक: दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 174(2). आदेशासाठी अर्ज तुम्हीच करायचा. पण एकाच घटनेत दोन गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. मोबाइल सीईआयआर पोर्टलवर (हरवलेले-चोरीचे फोन बंद करण्याची सरकारी वेबसाइट) ब्लॉक करा, तिथे पोलीस तक्रारीची प्रत अपलोड करावी लागते.